गाण्यांच्या फायली वाटल्या तर दावा कोणत्या देशात लागतो?

प्रश्न असा आहे: एक माणूस एका देशात बसून टॉरेंटवर, म्हणजे वापरकर्ते एकमेकांनाच फायली देतात अशा व्यवस्थेवर, गाणी वाटतो, गाण्यांची मालक कंपनी दुसऱ्या देशातली आहे, उतरवून घेणारे तिसऱ्याच देशात आहेत. अशा माणसावर कायदेशीर कारवाई होऊ शकते का, आणि कुठे?

होऊ शकते. मात्र ती सहसा परदेशातून येत नाही. तो माणूस जिथे बसून फायली वाटत होता, तिथल्याच न्यायालयात आणि तिथल्याच कायद्याखाली ती उभी राहते. बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. ‘कंपनी अमेरिकेतली, मी दुसरीकडे, ती माझे काय करणार’ असा हिशेब मांडला जातो, पण त्या कंपनीला अमेरिकेतून यावेच लागत नाही. मोठ्या लेबलांच्या (गाणी काढणाऱ्या कंपन्यांच्या) शाखा किंवा परवानाधारक बहुतेक देशांत असतात आणि दावा त्यांच्या नावाने लागतो. शाखा नसली तरी 1886 चा बर्न करार आहे. 180हून अधिक देश त्यात आहेत आणि त्यांनी एकमेकांच्या निर्मात्यांना आपल्या नागरिकांइतकेच संरक्षण द्यायचे असते. बर्न करारात शब्दरचना आणि संगीतरचना येतात. ध्वनिमुद्रणाला 1961 चा रोम करार, जागतिक व्यापार संघटनेचा बौद्धिक संपदेविषयीचा ट्रिप्स करार आणि 1996 चा वायपोचा (जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा) करार लागू पडतात. एका गाण्यात असे किमान दोन हक्क असतात, रचनेचा आणि ध्वनिमुद्रणाचा, आणि त्यांचे मालक बहुधा वेगळे असतात. एका फाईलसाठी दोन वेगवेगळे दावेदार निघू शकतात ते यामुळे.

कॉपीराइटचा कायदा प्रादेशिक आहे, म्हणजे प्रत्येक देशाचा कायदा त्या देशात घडलेल्या कृतीला लागतो. तुमचे नागरिकत्व कोणते याला महत्त्व नाही. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परदेशी गेलेला माणूस तिथल्या वायफायवर टॉरेंट चालवत असेल तर त्याला तिथला कायदा लागतो, मग आपल्या देशात याकडे कोणी बघत नसले तरी. लॅपटॉप सुरू झाला की आपोआप चालू होणारे टॉरेंटचे सॉफ्टवेअर नव्या देशातही पहिल्याच दिवशी जुन्या फायली वाटू लागते, आणि नव्याने आलेल्यांना नोटीस येण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

आता पकडतात कसे ते बघू, कारण बचाव टिकणार की नाही हे त्यावर ठरते. टॉरेंटमध्ये एक फाईल छोट्या तुकड्यांत विभागलेली असते आणि प्रत्येक तुकड्याचा स्वतःचा हॅश, म्हणजे त्या तुकड्यातल्या माहितीवरून निघणारा ओळखीचा आकडा, असतो. तुम्ही तुकडे घेत असतानाच हातात आलेले तुकडे इतरांना देत असता. वेग कमी ठेवता येतो, पण देणे हा त्या व्यवस्थेचा भागच आहे. हक्कधारकाने नेमलेली निरीक्षण कंपनी साध्या वापरकर्त्यासारखी त्याच झुंडीत, म्हणजे ती फाईल एकमेकांना देणाऱ्यांच्या गटात, शिरते, तुमच्याकडून एखादा तुकडा उतरवून घेते, हॅश जुळवते आणि आयपी पत्ता, पोर्ट क्रमांक, सेकंदापर्यंतची वेळ आणि सॉफ्टवेअरचे नाव नोंदवते. म्हणून पुरावा जवळजवळ नेहमी वाटण्याचा असतो, नुसत्या उतरवण्याचा नसतो. साध्या वेबसाइटवरून थेट गाणे उतरवणाऱ्याची नोंद त्या साइटच्या सर्व्हरवर राहते, तिसऱ्याला ती दिसत नाही. याचा अर्थ ते कायदेशीर आहे असा नाही, पण प्रत्यक्षात दावे वाटणाऱ्यांवर का लागतात ते यातून कळते.

‘मी पूर्ण गाणे दिलेच नाही, तुकडेच गेले’ हा बचाव युरोपीय संघात 17 जून 2021 रोजी संपला. युरोपीय न्यायालयाने मिरकॉम प्रकरणात सांगितले की तुकडे एकटे वाजवता येत नसले, ते सॉफ्टवेअरने आपोआप पाठवले असले, तरी ते कसे चालते हे माहीत असून वापरणाऱ्याने ती कलाकृती लोकांना उपलब्ध करून दिली असेच धरले जाईल.

आयपी पत्ता म्हणजे माणूस नव्हे. तो एका जोडणीचा पत्ता आहे आणि त्यामागचे नाव फक्त इंटरनेट कंपनीकडे असते. ते नाव कसे मिळते यावर त्या देशातला खरा धोका ठरतो, शिक्षेच्या कलमातल्या मोठ्या आकड्यांवर नाही. लोक शिक्षेचे कलम वाचून घाबरतात किंवा निर्धास्त होतात. अनुभवी वकील आधी हे बघतो की इंटरनेट कंपनीला नाव सांगायला लावणारी स्वस्त आणि वेगवान वाट तिथे आहे का.

जर्मनीत ती आहे. तिथल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 101 खाली हक्कधारक न्यायालयाकडून आदेश घेतो, एकाच अर्जात अनेक आयपी पत्ते घालतो आणि नावे मिळवतो. मग घरी वकिलाचे पत्र येते. तिथे त्याला आबमाहनुंग म्हणतात. त्यात तीन गोष्टी असतात: पुन्हा असे करणार नाही असे सहीचे हमीपत्र, नुकसानभरपाई आणि वकिलाचा खर्च. 2013 पासून खासगी व्यक्तीच्या पहिल्या प्रकरणात वकिलाचा खर्च 1,000 युरोच्या दाव्याच्या मूल्यावर मोजायचा असा नियम आहे, त्यामुळे पत्राची रक्कम पूर्वीपेक्षा उतरली. पण ही मर्यादा वकिलाच्या खर्चाला आहे, नुकसानभरपाईला नाही, आणि नुकसानभरपाई वेगळी धरली जाते हे अनेकांच्या लक्षात येत नाही. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने 2015 मध्ये प्रति गाणे 200 युरो ही भरपाई मान्य केली. एका अल्बममध्ये 12 गाणी असतील तर 2,400 युरो झाले.

या पत्रातला खरा सापळा हमीपत्र हा आहे. सोबत आलेला मसुदा बहुधा कायद्याने लागते त्यापेक्षा बराच रुंद असतो. त्यात गुन्ह्याची कबुली असते, ठरावीक दंडाची रक्कम असते, कधी त्या लेबलच्या सगळ्या संग्रहाचा उल्लेख असतो. सही केली की तो करार होतो आणि वर्षानुवर्षे बांधतो. पुढे घरातल्या दुसऱ्याने तेच गाणे वाटले तरी कराराच्या दंडाचा वाद तुमच्याकडे येऊ शकतो. पत्र कचऱ्यात टाकणेही चूक, कारण मुदत टळली की न्यायालयाचा तातडीचा मनाई आदेश निघू शकतो आणि त्याचा खर्च मूळ मागणीपेक्षा जास्त होतो. रुळलेली वाट अशी: दिलेल्या मुदतीतच, फक्त त्या एका कृतीपुरते, कबुली न देणारे, सुधारलेले हमीपत्र पाठवायचे आणि पैशांचा वाद वेगळा लढायचा. हे तिथल्या वकिलाकडूनच करून घ्यावे. शब्द चुकला की हमीपत्र अपुरे ठरते.

जोडणी कुटुंबाची असेल तर जर्मन न्यायालयांनी बारकाईने वाट आखली आहे. लहान मुलाला ‘हे करायचे नाही’ असे स्पष्ट सांगितले असेल तर आईवडिलांनी रोज पाळत ठेवावी अशी अपेक्षा नाही, हे 2012 मध्ये ठरले. घरातल्या सज्ञान व्यक्तींना तर असे बजावून ठेवण्याचीही गरज नाही, हे 2014 मध्ये ठरले. पण 2017 मध्ये असेही ठरले की कोणी केले हे आईवडिलांना कळले असेल आणि त्यांनी नाव सांगायचे नाकारले, तर भार त्यांच्यावर राहतो. ‘घरात कोणीतरी केले असेल’ एवढे मोघम म्हणून सुटका होत नाही.

अमेरिकेत चित्र उलटे आहे. आकडे प्रचंड आहेत, पण नावापर्यंतची वाट खर्चिक आहे. तिथल्या कायद्यात प्रत्यक्ष नुकसान सिद्ध न करता प्रति कलाकृती 750 ते 30,000 डॉलर आणि जाणूनबुजून केले असेल तर 1,50,000 डॉलरपर्यंत भरपाई मागता येते. मात्र त्यासाठी कलाकृतीची नोंदणी वेळेवर झालेली असावी लागते. सप्टेंबर 2003 मध्ये तिथल्या ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने 261 दाव्यांनी सुरुवात केली आणि 2008 च्या अखेरीस अशी सामूहिक मोहीम थांबवत असल्याचे जाहीर केले. दरम्यान हजारो लोकांनी काही हजार डॉलर देऊन तडजोड केली. ज्यांनी केली नाही, त्यांपैकी मिनेसोटातल्या एका महिलेवर 24 गाण्यांसाठी तीनदा ज्यूरी बसली. पहिल्यांदा 2,22,000 डॉलर, मग 19,20,000, मग 15,00,000. शेवटी अपील न्यायालयाने 2012 मध्ये 2,22,000 कायम केले, म्हणजे गाण्यामागे 9,250 डॉलर. एका विद्यार्थ्यावर 30 गाण्यांसाठी 6,75,000 डॉलरचा निर्णय लागला. या प्रकरणांत फक्त निवडक गाण्यांवर दावा होता. सामायिक फोल्डरमध्ये किती गाणी होती यावर रक्कम ठरली नाही.

सुरुवातीला संघटनेने इंटरनेट कंपन्यांकडून न्यायाधीशांशिवाय, फक्त कारकुनी समन्स काढून नावे मागितली होती. 2003 च्या अखेरीस वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने व्हेरायझन या इंटरनेट कंपनीच्या प्रकरणात ते चालणार नाही असे सांगितले. तेव्हापासून आधी ‘अज्ञात प्रतिवादी’ विरुद्ध दावा लावावा लागतो आणि मग न्यायाधीशांच्या परवानगीने समन्स निघते. इंटरनेट कंपनी नाव देण्याआधी ग्राहकाला कळवते. त्या क्षणी हरकत घेता येते, पण ती सहसा अधिकारक्षेत्र चुकले असेल तेव्हाच टिकते. 2018 मध्ये नवव्या सर्किटच्या (पश्चिमेकडच्या राज्यांच्या) अपील न्यायालयाने, चित्रपटाच्या एका प्रकरणात, नुसता आयपी पत्त्याचा ग्राहक असणे दाव्यासाठी पुरेसे नाही असे म्हटले. त्या न्यायालयाच्या हद्दीत हा मोठा आधार आहे.

अमेरिकेत सगळ्यात जास्त नुकसान गप्प बसण्याने होते. दाव्याची प्रत रीतसर बजावली गेल्यावर साधारणपणे 21 दिवसांत उत्तर द्यावे लागते. नाही दिले तर एकतर्फी निकाल लागतो आणि कोणताही बचाव कितीही चांगला असला तरी ऐकलाच जात नाही. 2022 पासून छोट्या दाव्यांसाठी कॉपीराइट क्लेम्स बोर्डही आहे. तिथे एकूण मर्यादा 30,000 डॉलर असते आणि नोटीस बजावल्यापासून 60 दिवसांत ‘मला या मंडळापुढे यायचे नाही’ असे कळवून बाहेर पडता येते. विद्यापीठांचे वेगळे आहे. 2008 च्या उच्च शिक्षण कायद्याने त्यांना फायलींच्या बेकायदा वाटपाविरुद्ध योजना ठेवायला लावली, त्यामुळे विद्यार्थ्याला न्यायालयाआधी विद्यापीठाची शिस्तभंगाची कारवाई आणि नेटवर्क बंद होण्याला तोंड द्यावे लागते.

फ्रान्सने दावे न लावता इशाऱ्यांची पायरी उभी केली. 2009 च्या कायद्याने अडोपी ही संस्था आली आणि 2022 मध्ये ती आर्कोम या नियामकात विलीन झाली. पहिला इशारा ईमेलने येतो. सहा महिन्यांत पुन्हा सापडले तर दुसरा, तोही पत्राने. त्यानंतर बारा महिन्यांत पुन्हा झाले तर फाईल सरकारी वकिलाकडे जाऊ शकते. तिथे आरोप गाणी वाटल्याचा नसतो, आपली जोडणी नीट न सांभाळल्याच्या निष्काळजीपणाचा असतो आणि दंडाची कमाल मर्यादा 1,500 युरो आहे. इंटरनेट तोडण्याची शिक्षा 2013 मध्ये रद्द झाली, पण जुने लेख वाचून लोक अजून तीच भीती बाळगतात. जोडणीधारकाविरुद्ध निष्काळजीपणा हाच आरोप असल्यामुळे ‘मी नव्हतो, पाहुण्याने केले’ हा बचाव फ्रान्समध्ये कमकुवत आहे.

न्यूझीलंडनेही 2011 मध्ये तीन नोटिशींची पद्धत आणली आणि कॉपीराइट न्यायाधिकरणाला 15,000 न्यूझीलंड डॉलरपर्यंत रक्कम ठरवण्याचा अधिकार दिला. 2013 मधल्या पहिल्या निर्णयात दोन गाण्यांसाठी 616.57 डॉलर भरायला सांगितले. कॅनडात 2012 च्या दुरुस्तीनंतर बिगरव्यावसायिक वापरासाठी सगळ्या कलाकृती मिळून 100 ते 5,000 कॅनडियन डॉलर अशी मर्यादा आहे, म्हणून तिथे एकट्या माणसावर दावा लावणे लेबलला परवडत नाही. तिथे इंटरनेट कंपनी हक्कधारकाची नोटीस ग्राहकाकडे पोचवते. डिसेंबर 2018 पासून अशा नोटिशीत पैसे मागण्याला किंवा पैसे भरण्याची लिंक देण्याला परवानगी नाही. कॅनडातल्या नोटिशीत ‘इथे क्लिक करून भरा’ असे असेल तर भरू नका.

जपानने फौजदारी मार्ग घेतला. गाणी विनापरवानगी वाटणे तिथे 10 वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे आणि ऑक्टोबर 2012 पासून विकत मिळणारे गाणे बेकायदा आहे हे जाणून उतरवणेही गुन्हा आहे, 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 20 लाख येनपर्यंत दंड. ब्रिटनमध्ये 2017 मध्ये ऑनलाइन उल्लंघनाची कमाल शिक्षा 2 वरून 10 वर्षांवर नेली, पण वापर मुख्यतः धंदा करणाऱ्यांवर होतो. घरगुती वापरकर्त्याकडे तिथे दिवाणी पत्र येते, आणि त्याआधी इंटरनेट कंपनीकडून नाव मिळवण्यासाठी उच्च न्यायालयाचा आदेश लागतो.

स्वित्झर्लंड अजून वेगळे आहे. खासगी वापरासाठी उतरवणे तिथे चालते, वाटणे चालत नाही. हे ऐकून लोक टॉरेंट वापरतात आणि टॉरेंट वाटतोच हे विसरतात. नेदरलँड्समध्येही पूर्वी उतरवणे चालत असे. एप्रिल 2014 मध्ये युरोपीय न्यायालयाने बेकायदा स्रोतावरून केलेली प्रत खासगी वापराच्या सवलतीत बसत नाही असे सांगितल्यावर ते संपले. ‘युरोपात डाउनलोड चालते’ हे वाक्य त्याआधीचे आहे आणि आता खोटे आहे.

भारतात कॉपीराइट कायदा 1957 चे कलम 63 जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला 6 महिने ते 3 वर्षे कैद आणि 50,000 ते 2 लाख रुपये दंड सांगते. धंद्याच्या फायद्यासाठी केले नसेल तर न्यायालय कारणे नोंदवून शिक्षा किमान मर्यादेखाली आणू शकते. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचे सांगितले. अमेरिकेसारखी ठरावीक भरपाई इथे नाही, म्हणून एकेका श्रोत्यावर दावे लावण्यापेक्षा साइट बंद करण्याचे आदेश घेतले जातात. 2019 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने बंद साइटची नक्कल म्हणून नव्या पत्त्यावर पुढे येणाऱ्या साइटनाही लागू होणारा आदेश दिला. मात्र गट किंवा चॅनल चालवणारा लपून राहत नाही. 2022 मध्ये त्याच न्यायालयाने टेलिग्रामला चॅनल चालवणाऱ्यांचे तपशील द्यायला लावले, सर्व्हर परदेशात असल्याची सबब न मानता.

आता खरोखर सीमा ओलांडणाऱ्या कारवाईकडे. परदेशी न्यायालयाने एकतर्फी निकाल दिला तर तो दुसऱ्या देशात आपोआप वसूल होत नाही. भारतात, उदाहरणार्थ, परस्पर मान्यता असलेल्या देशाचा हुकूमनामा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 44अ खाली थेट अंमलात येतो. ब्रिटन त्या यादीत आहे, अमेरिका नाही. अमेरिकी निकालासाठी इथे नवा दावा लावावा लागतो आणि तो निकाल गुणदोषांवर दिला होता का, नैसर्गिक न्याय पाळला होता का, हे कलम 13 खाली तपासले जाते. श्रोत्याच्या बाबतीत इतका खर्च कोणी करत नाही. धोका तेव्हा असतो, जेव्हा निकाल लागलेल्या देशात तुमचे बँक खाते, पगार किंवा मालमत्ता असते, किंवा तुम्ही पुढे तिथे राहायला जाता. दिवाणी रक्कम न भरणे हा स्वतः गुन्हा नसतो, पण खात्यावर जप्ती येऊ शकते.

प्रत्यार्पण, म्हणजे आरोपीला दुसऱ्या देशाच्या हवाली करणे, ही वेगळी पातळी आहे. त्यासाठी कृती दोन्ही देशांत पुरेशा गंभीर शिक्षेचा गुन्हा असावी लागते. 2007 मध्ये सॉफ्टवेअरची चोरी करून वाटणाऱ्या एका गटाच्या सदस्याला ऑस्ट्रेलियातून अमेरिकेत नेऊन 51 महिन्यांची शिक्षा झाली, जरी तो कधी अमेरिकेत गेला नव्हता. 2012 मध्ये न्यूझीलंडमध्ये मेगाअपलोड या फायली साठवणाऱ्या साइटच्या किम डॉटकॉमला पकडले आणि त्याचा प्रत्यार्पणाचा वाद दशकभराहून जास्त चालला. ही माणसे संघटित वाटपाची यंत्रणा चालवत होती. अल्बम उतरवून झुंडीत राहिलेल्या माणसासाठी हा मार्ग वापरला जात नाही.

संरक्षणाची मुदतही देशागणिक बदलते आणि जुनी गाणी वाटणारे इथे फसतात. भारतात ध्वनिमुद्रणाला प्रकाशनानंतर 60 वर्षे संरक्षण आहे, युरोपीय संघात 70, तर अमेरिकेत 1923 ते 1946 दरम्यानच्या ध्वनिमुद्रणांना 100 वर्षे. 1940 चे ध्वनिमुद्रण एका देशात मुक्त आणि दुसऱ्या देशात संरक्षित असू शकते. शिवाय ध्वनिमुद्रण मुक्त झाले तरी संगीतकार आणि गीतकाराचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर दशके चालू राहतो.

नोटीस आली तर पहिल्यांदा ती कोणी पाठवली ते बघा: वकील, न्यायालय, नियामक की इंटरनेट कंपनी. प्रत्येकाची मुदत आणि परिणाम वेगळे असतात. मग त्यातली वेळ कोणत्या कालविभागात लिहिली आहे ते तपासा. जागतिक प्रमाणवेळ आणि स्थानिक वेळ यांची गल्लत झाली तर आयपी पत्ता दुसऱ्याच ग्राहकाचा निघतो. अनेक ग्राहक एकच सार्वजनिक पत्ता वापरत असतील, जसे मोबाइल नेटवर्कवर असते, तर पोर्ट क्रमांकाशिवाय ओळख पटत नाही. म्हणून पोर्ट दिलेला नसेल तर तो मुद्दा वकिलाला ठळकपणे सांगा. टॉरेंटचे सॉफ्टवेअर लगेच बंद करा आणि आपोआप सुरू होणे काढून टाका, पण डिस्क पुसू नका. दावा येणार हे कळल्यावर पुरावा नष्ट केला तर मूळ उल्लंघनापेक्षा ते जास्त महाग पडते. राउटरची नोंद, घरात त्या वेळी कोण होते, वायफायचा पासवर्ड कोणाकडे होता, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. पाठवणाऱ्याला फोन करून ‘एकदाच केले’ असे सांगू नका. ती कबुली फाईलमध्ये जाते. आणि पत्र ज्या देशाच्या कायद्याखाली आले आहे, त्याच देशातल्या वकिलाला मुदत संपण्याआधी दाखवा.